कोकमाचा अर्क, आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी : प्लेटमधला आकडा आणि पोटातला आकडा

सॉक्सलेट_ठाणे

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोकमाच्या सालीचा अर्क मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासते आहे. पद्धत सांगते. ठाण्याच्या बाजारातलं आमसूल मिक्सरवर भरड केलं, पेट्रोलियम ईथरने चरबी काढली, मग सॉक्सलेटमध्ये (तोच द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं काचेचं उपकरण) मिथेनॉलने आठ तास अर्क घेतला. पेशी एचटी-२९, ९६ वेल्सची (खळग्यांची) प्लेट, दर वेलला ५,००० पेशी, मात्रा २५ ते १,००० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४८ तास, शेवटी एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी).

२५ ते २०० पर्यंत वाचन कंट्रोलच्याही (अर्क न दिलेल्या पेशींच्याही) वर जातं. ५०० च्या पुढे एकदम सगळं मेलेलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा हेच. कमी मात्रेत पेशी वाढतात आणि जास्त मात्रेत मरतात, असा निष्कर्ष लिहावा का?

पेशीपाळ, खारघर

इतक्यात लिहू नका. तुमचा आलेख पेशींबद्दल बोलतोय की अर्काबद्दल, हेच अजून ठरलेलं नाही.

एमटीटी हा पिवळा रंग. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात आणि ते आपण ५७० नॅनोमीटरला मोजतो. पण हे काम करायला पेशीच लागते असं नाही. पॉलिफेनॉल भरपूर असलेला कुठलाही अर्क एमटीटीला थेट जांभळं करू शकतो. पडताळणी सोपी आहे: एका प्लेटमध्ये पेशी न टाकता फक्त मीडिया (पेशींचं पोषक द्रावण), अर्काच्या सगळ्या मात्रा आणि एमटीटी घाला, चार तास ठेवा. रिकाम्या वेल्स जांभळ्या झाल्या तर तुमची ‘वाढ’ तिथूनच आली आहे.

दुसरा संशय रंगाचा. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. आम्लात तो लाल असतो, पण मीडियाचा पीएच ७.४ आहे आणि तिथे तो निळसर-जांभळ्याकडे झुकतो, म्हणजे नेमका तुम्ही वाचता त्या पट्ट्याच्या जवळ. म्हणून अर्क आहे पण एमटीटी नाही, अशाही काही वेल्स ठेवा आणि त्यांचं वाचन वजा करा.

तिसरा संशय वरच्या मात्रांवर. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असतं. ५०० आणि १,००० च्या वेल्समध्ये अर्क टाकल्यावर मीडियाचा गुलाबी रंग नारिंगी-पिवळा झाला का? झाला असेल तर पेशी आंबटपणाने मेल्या असण्याची शक्यता धरायला हवी. अर्क मीडियात मिसळून पीएच मोजा. ७.२ ते ७.४ च्या बाहेर असेल तर जुळवून घ्या आणि मगच पेशींवर घाला.

तातडीचा उपाय: एमटीटी घालण्यापूर्वी अर्काचा मीडिया काढा, कोमट पीबीएसने (पेशींना न दुखवणारं खारट द्रावण) दोनदा हलक्या हाताने धुवा, ताजा मीडिया द्या, मग एमटीटी. पण धुताना सुटत आलेल्या पेशी वाहून जातात आणि मृत्यू जास्त दिसतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, वनस्पतींच्या अर्कासाठी एसआरबी (पेशींच्या प्रथिनाला रंग धरवून तो मोजायची पद्धत) घ्या.

येऊरवाट

पेशीपाळ म्हणतात ते सगळं बरोबर, पण चूक त्याच्याही आधी, कच्च्या मालात आहे. बाजारातलं आमसूल म्हणजे नुसती वाळवलेली साल नव्हे. साल कोकमाच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात आणि बहुतेक ठिकाणी त्यात मीठ असतं. मिथेनॉलमध्ये मीठ थोडं का होईना विरघळतं, म्हणजे ते अर्काच्या वजनात येतं. तुम्ही ‘१०० मायक्रोग्रॅम अर्क’ म्हणता त्यात मीठ किती, हे तुम्हालाच माहीत नसतं.

एप्रिल-मे मध्ये कोकणातून ताजी फळं मिळतात. ती घ्या, बी आणि गर काढा, साल धुऊन ४० ते ४५ अंशांवर ओव्हनमध्ये कडकडीत वाळवा. नमुन्याची एक फांदी पानाफळांसह दाबून झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमकडून (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) ओळख पटवून घ्या. शोधनिबंध पाठवताना तिथल्या नमुन्याचा नोंद क्रमांक, म्हणजे व्हाउचर क्रमांक, विचारतातच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती आहेत. जात माहीत असेल तर तीही नोंदवा, कारण घटकांचं प्रमाण झाडागणिक बदलतं.

आणि एक विचारायचं राहिलं: पेट्रोलियम ईथरचा भाग ठेवलात का?

सॉक्सलेट_ठाणे

नाही, टाकून दिला. पुस्तकात ‘डीफॅटिंग’ची पायरी होती म्हणून केली.

येऊरवाट

मग ज्याच्यासाठी कोकम घेतलंत तेच बहुधा त्या बाटलीत गेलं. कोकमाच्या सालीतलं ज्या संयुगाकडे आतड्याच्या कॅन्सरचे अभ्यासक बघतात ते गार्सिनॉल. वाळलेल्या सालीत ते साधारण २ ते ३ टक्के असतं, पिवळं, तेलकट स्वभावाचं. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हेक्झेनमध्ये विरघळतं. ते वेगळं काढताना हेक्झेनच वापरतात. पेट्रोलियम ईथर त्याच जातीचं. मागे राहिलं ते अँथोसायनिन, आम्लं आणि साखर. चरबी काढायची पायरी डोळे झाकून करायची नसते. आपल्याला हवं ते तेलात जाणारं की पाण्यात, हे आधी ठरवायचं.

याच कारणाने कोकम सरबताबद्दल ‘कॅन्सरविरोधी’ म्हणून फिरणारे निरोप चुकीचे आहेत. सरबत उन्हाळ्यात जरूर प्या, पण गार्सिनॉल पाण्यात उतरत नाही.

पेशीपाळ, खारघर

हे मोलाचं सांगितलंत. आता एसआरबी लिहून देतो, कारण कॉलेजांमध्ये ती कमी वापरतात आणि खर्च फारसा नाही. आमच्याकडे खारघरला ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्राच्या औषध-चाचणी सुविधेतही हीच पद्धत चालते.

प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर मीडिया असेल तर ५० टक्क्यांचं थंडगार टीसीए (पेशी जागच्या जागी पक्क्या करणारं ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल) २५ मायक्रोलिटर सोडा, म्हणजे अंतिम १० टक्के होतं. वेलच्या कडेने, थेंब थेंब. जोरात सोडलंत तर पेशींचा थर सोलून निघतो आणि मधोमध टक्कल पडलेलं दिसतं. एक तास चार अंशांवर. मग नळाच्या पाण्याने पाच वेळा धुऊन पूर्ण वाळवा. १ टक्का ॲसेटिक आम्लातलं ०.४ टक्के एसआरबी अर्धा तास. जादा रंग १ टक्का ॲसेटिक आम्लानेच धुवा, पाण्याने नाही. पाण्याने प्रथिनाला धरलेला रंगही सुटतो. पुन्हा वाळवा, १० मिलीमोलर ट्रिस बफर घालून दहा मिनिटं हलवा आणि ५४० ला वाचा.

एक प्लेट शून्य तासाला, औषध घालण्याच्याच क्षणी, टीसीए घालून थांबवायची. ही प्लेट विसरू नका. ती नसेल तर पेशी ‘वाढायच्या थांबल्या’ की ‘मेल्या’ हे सांगताच येत नाही. समजा सुरुवातीला वाचन ०.३ होतं आणि ४८ तासांनी कंट्रोल १.५ झाला. औषधाच्या वेलमध्ये ०.४ आलं तर एमटीटीच्या हिशोबात तुम्ही ‘७३ टक्के पेशी मारल्या’ असं लिहाल. प्रत्यक्षात एकही मेलेली नसेल, फक्त वाढ जवळजवळ थांबलेली असेल. ०.३ च्या खाली उतरलं तरच पेशी कमी झाल्या. वाढ निम्मी होते ती मात्रा जीआय-५०, सुरुवातीच्या निम्म्या पेशी उरतात ती एलसी-५०. दोन्ही वेगळे आकडे आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा.

स्टॉकचंही, म्हणजे अर्काच्या घट्ट मूळ द्रावणाचंही बघा. २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या स्टॉकमधून १०० मायक्रोग्रॅम गाठायला ०.५ टक्के डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रावक) पेशींवर जातं, आणि १,००० ला तर ५ टक्के! त्यात कुठल्याच पेशी नीट जगत नाहीत. तुमच्या वरच्या मात्रांचं कोडं कदाचित इतकंच असेल. स्टॉक १०० मिलिग्रॅमचा करा, उतरत्या मात्रा डीएमएसओमध्येच बनवा, मग प्रत्येकीचा सारखाच हिस्सा मीडियात घाला. म्हणजे सगळीकडे ०.१ टक्काच राहतं, आणि कंट्रोललाही तेवढंच द्यायचं. १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊच नका. कच्च्या अर्कात जीआय-५० साधारण २० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तरच तो पुढे न्यायच्या लायकीचा धरतात.

ताटवाटी, वाशी

मी आहाराच्या बाजूची. प्लेटवर १० मायक्रोमोलर कर्क्युमिनने पेशी थांबल्या असं वाचते तेव्हा पहिला प्रश्न पडतो, ताटातल्या हळदीतून तिथवर किती पोहोचतं?

मात्रा_ऐरोली

क्लिनिकल फार्मसीतून उत्तर देतो. १० मायक्रोमोलर म्हणजे मिलीला सुमारे ३.७ मायक्रोग्रॅम. साध्या हळदीत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास. एक चमचा, ३ ग्रॅम हळद धरली तर ९० मिलिग्रॅम. आता माणसांवरचे आकडे पाहा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, म्हणजे १२० ग्रॅम हळदीइतकं, तरी रक्तात मिळालं सुमारे ११ नॅनोमोलर. प्लेटमधल्या मात्रेपेक्षा नऊशे पट कमी. उरलेलं आतड्यात शोषलंच जात नाही किंवा यकृत त्याला ग्लुक्युरोनाइड जोडून निष्क्रिय करून टाकतं.

इथवर आलं की बरेच जण विषय मिटवतात. मला ते घाईचं वाटतं. आपला अवयव मोठं आतडं आहे. रक्तात न शिरलेलं औषध खाली तिथेच जातं. त्याच गटाने २००५ मध्ये आतड्याचे तुकडे तपासले: ३.६ ग्रॅम सात दिवस घेतल्यावर निरोगी अस्तरात ग्रॅमला सुमारे १२.७ नॅनोमोल आणि गाठीत ७.७ नॅनोमोल. ग्रॅमला एक नॅनोमोल म्हणजे साधारण एक मायक्रोमोलर, म्हणजे हे आकडे प्लेटमधल्या मात्रेच्या अगदी जवळचे आहेत. फुफ्फुस किंवा मेंदूसाठी ही सोय नाही, आतड्यासाठी आहे.

पेशीपाळ, खारघर

पोहोचलं म्हणजे काम झालं असं नाही ना, मात्रा. २०११ च्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या आतड्यातले अगदी सुरुवातीचे सूक्ष्म बदललेले ठिपके ४ ग्रॅम कर्क्युमिनने महिनाभरात ४० टक्क्यांनी घटले, २ ग्रॅमने नाही. त्यात प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणारा गट नव्हता. पण ज्यांना जनुकीय दोषामुळे शेकड्यांनी पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचे कोंब) होतात अशा ४४ रुग्णांना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन वर्षभर दिलं, समोर प्लासिबो ठेवून. निकाल २०१८ मध्ये आला: पॉलिपच्या संख्येत फरक नाही, आकारात नाही. पोहोचण्याचा प्रश्न निम्मा सुटला आणि तरी उत्तर नाहीच आलं.

शिवाय प्लेटमधलं कर्क्युमिनसुद्धा फसवतं. सीरम (मीडियात घालतात तो रक्तातला द्रव) नसलेल्या बफरमध्ये, पीएच ७.२ ला, ते अर्ध्या तासात ९० टक्के मोडतं. १० टक्के सीरम असेल तर बरंच टिकतं. म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नाही; सीरम किती होतं ते आधी बघायचं. त्यात ते स्वतः हिरवट चमकतं. मरू लागलेल्या पेशी ओळखायच्या ॲनेक्सिनच्या चाचणीत फिटसी हा हिरवाच रंग वापरतात. कर्क्युमिन शिरलेली धडधाकट पेशी यंत्राला ‘मरणासन्न’ दिसते. रंग न लावलेल्या पण कर्क्युमिन दिलेल्या पेशींचा कंट्रोल नसेल तर तो आलेख मी वाचत नाही.

ताटवाटी, वाशी

ग्रीन टीचंही असंच ना?

पेशीपाळ, खारघर

तिथे वेगळीच गफलत. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे संयुग मीडियातच ऑक्सिजनशी भिडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि पेशी त्याने मरतात. शरीरात तशी परिस्थिती नसते. समांतर वेल्समध्ये कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला, मिलीला १०० ते २०० युनिट. मृत्यू थांबला तर गुन्हेगार पेरॉक्साइड. मीडियात पायरुव्हेट असेल तर तेही पेरॉक्साइड गिळतं, म्हणून मीडियाच्या बाटलीवरचा मजकूर नीट वाचा. सॉक्सलेट, कोकमाच्या अर्कालाही हा कंट्रोल हवाच.

येऊरवाट

दारूहळदीचा विषय कुणी काढला नाही. नावात हळद असली तरी हळदीशी नातं नाही. काटेरी झुडूप, कूळ निराळं, मुळा-खोडाची साल पिवळीजर्द ती बर्बेरीनमुळे. आयुर्वेदातलं रसांजन यापासूनच करतात.

मात्रा_ऐरोली

आणि वनस्पतीतल्या संयुगांमध्ये माणसांवरचा सगळ्यात भरीव पुरावा मला तिथेच दिसतो. चीनमध्ये ॲडिनोमा पॉलिप (पुढे कॅन्सर होऊ शकतो असे कोंब) काढून टाकलेल्या रुग्णांना शुद्ध बर्बेरीन ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं दिलं. २०२० चा निकाल: पॉलिप पुन्हा आले ते बर्बेरीन गटात ३६ टक्क्यांना, प्लासिबो गटात ४७ टक्क्यांना. मुख्य त्रास बद्धकोष्ठतेचा, तोही थोड्यांना. बर्बेरीनही रक्तात फार कमी शिरतं, म्हणजे आतड्यात राहून काम करण्याची कल्पना इथे टिकली.

पण नेमकं काय सिद्ध झालं ते बघा. पॉलिप परत येणं कमी झालं. झालेला कॅन्सर बरा होतो असं त्या चाचणीने विचारलंही नव्हतं. आणि दारूहळदीच्या काढ्यात बर्बेरीन किती उतरलं हे घरी कळत नाही, म्हणून ६०० मिलिग्रॅमशी त्याची तुलना करता येत नाही. पॉलिप निघालेल्यांनी कोलोनोस्कोपीची पुढची तारीख पाळायची, काढा त्याच्या बदल्यात नाही.

कोलशेत_रोड

नियमित वाचक आहे, प्रयोगशाळेतली नाही. केमो चालू असलेल्या माणसाने यातलं काय घ्यावं, काय टाळावं? ओळखीतून रोज नवं काहीतरी सुचवलं जातं.

मात्रा_ऐरोली

ताई, स्वयंपाकातली हळद, मिरी, कोकम, लसूण चालू राहू द्या, ती अडचण नाही. अडचण कॅप्सूल, अर्क आणि रोजच्या घट्ट काढ्यांची.

हळदीच्या कॅप्सूलमध्ये पिपेरीन असतं का ते डब्यावर बघा. बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरीन दिल्यावर शोषण वीसपट झालं, तेव्हापासून ते घालायची पद्धत पडली. पण पिपेरीन शरीराची औषध मोडणारी यंत्रणा अडवतं म्हणूनच हे होतं, आणि ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनपुरती अडत नाही. त्याच वाटेने जाणाऱ्या इतर औषधांची पातळीही वर जाऊ शकते. शिवाय हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमोत यकृताचे आकडे बिघडले तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा पुढे ढकलतात, आणि मूळ उपचारच मागे पडतो.

उलट दिशेचं उदाहरण सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं. परदेशातून मनाच्या उदासीवर म्हणून आणलेलं असतं. त्याच्यासोबत इरिनोटेकन या केमोच्या औषधाच्या क्रियाशील रूपाची रक्तातली पातळी ४२ टक्क्यांनी घसरल्याचं २००२ मध्ये दिसलं. केमो घेतोय पण पोहोचतच नाही, अशी गत. कॅपेसिटाबीन ही केमोची गोळी चालू असेल तर फॉलिक ॲसिड असलेली मल्टिव्हिटॅमिन स्वतःहून सुरू करू नका, विषारीपणा वाढतो: जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय सोलणं. आणि जे काही घेतलं जातंय त्याचे डबे, पुड्या, बाटल्या पिशवीत घालून पुढच्या भेटीला न्या. ‘आयुर्वेदिक काहीतरी’ एवढ्यावर कुणालाच निर्णय घेता येत नाही. डब्यामागची यादी लागते.

येऊरवाट

मात्रांनी इरिनोटेकनचं नाव घेतलं म्हणून सांगतो. वनस्पतीतून आतड्याच्या कॅन्सरवर खरंखुरं औषध मिळालं ते हेच, आणि त्याचं एक झाड आपल्या सह्याद्रीत उभं आहे: नरक्या. फुलांचा वास इतका घाण की नावातच आला. त्यातलं कॅम्पटोथेसिन आधी १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून काढलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते आपल्या नरक्यात असल्याचं दाखवलं, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावर.

पण प्लेटमधून माणसापर्यंत किती वाट तुडवावी लागली ते बघा. मूळ संयुग पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचं सोडियम क्षार करून दिलं. त्याने रेणूतलं लॅक्टोनचं कडं उघडलं, गुण घटला आणि मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये ते टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला धरतं हे कळलं, मग रेणूत बदल करून विरघळणारं इरिनोटेकन आलं. जपानमध्ये १९९४, अमेरिकेत १९९६. मूळ रेणूपासून तीस वर्षं.

नरक्याचं लाकूड किंवा पाला कुणी ‘कॅन्सरवर’ म्हणून विकत असेल तर हातही लावू नका. तो कच्चा, न मोजलेला केमो आहे. आणि या मागणीपायी जंगलातली झाडं मुळासकट तोडली गेली आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

सॉक्सलेट_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. नवा आराखडा: मीठ न लावलेली साल, ४५ अंशांवर वाळवून, हेक्झेनचा आणि मिथेनॉलचा असे दोन वेगळे अर्क, दोन्ही ४० अंशांवर निर्वातात आटवून वजन स्थिर होईपर्यंत, मात्रा १० ते १००, एसआरबी शून्य तासाच्या प्लेटसह, कॅटलेजचा कंट्रोल, ५-फ्लुरोयुरॅसिल हे केमोचं औषध तुलनेला. पेशी एचटी-२९ एकट्याच पुरतील का?

पेशीपाळ, खारघर

नाही. एचटी-२९ मध्ये पी-५३ (पेशीची बेताल वाढ रोखणारं जनुक) बिघडलेलं आहे, एचसीटी-११६ मध्ये शाबूत. दोन्ही घ्या, एकीवर चाललं आणि दुसरीवर नाही तर पुढे कुठे खणायचं ते तिथेच कळेल. तिसरी आतड्याची कॅन्सर नसलेली पेशी हवी, सीसीडी-८४१ सारखी. तिच्यावरचा आकडा भागिले कॅन्सरच्या पेशीवरचा आकडा, म्हणजे निवडकपणा. तो १ च्या आसपास आला तर अर्क सगळ्यांनाच मारतोय.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून वाढत्या फ्लास्कमध्ये पेशी आल्या तर फ्लास्क गळ्यापर्यंत भरलेला असतो. लगेच ओतू नका. फ्लास्क आडवा ठेवून रात्रभर ३७ अंशांवर स्थिरावू द्या, सुटलेल्या पेशी पुन्हा चिकटतात, मग मीडिया बदला. पहिल्याच आठवड्यात मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारे सूक्ष्म जिवाणू) तपासा, प्रयोग सुरू झाल्यावर नाही. आणि प्लेटच्या कडेच्या ३६ वेल्समध्ये पेशी टाकू नका, त्यात पीबीएस भरा. ४८ तासांत कडेचं पाणी उडतं, अर्क दाट होतो, आणि तिथल्या पेशी मधल्यांपेक्षा आधी मरतात.

येऊरवाट

हेक्झेनचा अर्क डीएमएसओमध्ये नीट विरघळला तरी मीडियात पडल्यावर गढूळ होतो का ते मायक्रोस्कोपखाली बघा. पिवळे बारीक कण पेशींवर बसलेले दिसले तर त्या मात्रेचा आकडा धरू नका. एका खालच्या मात्रेपासून मोजा.